डावीकडे दाखवलेलं बोट

"खुनी कोण?"

प्रश्न एवढाच होता. पण तो साडेचारशे माणसांनी भरलेल्या थिएटरात, हातात माइक घेऊन विचारायचा होता. आणि विचारायचा होता त्याच माणसाला, ज्याने तो खून लिहिला होता, दिग्दर्शित केला होता आणि वर त्या सिनेमात कामही केलं होतं. टाचणी आणि दवंडी या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती. मूगने हा प्रश्न विचारला, तर वर्षभर तिच्या जीवशास्त्राच्या वहीतल्या सगळ्या आकृत्या त्या दोघी काढून देणार, बेडकाच्या पचनसंस्थेसकट. नाही विचारला, तर मूगने वर्गाच्या फळ्यावर 'मी भित्री भागूबाई आहे' असं लिहून खाली सही करायची.

मूग हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. आठवीपर्यंत ती वर्गात मूग गिळून बसायची, म्हणून बाईंनीच ते पाडलं होतं. नववीत मात्र चमत्कार झाला. वक्तृत्व स्पर्धेत जी मुलगी बोलणार होती तिचा घसा बसला, बाई म्हणाल्या, "कुणीतरी उभं राहा गं," आणि मूग नेमकी त्याच वेळी खिडकी लावायला उठली. बाईंना वाटलं, ही तयार आहे. 'नाही' म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि ती सवय नव्हती. त्यामुळे ती थेट स्टेजवर पोचली. तिथे ती सात मिनिटं बोलली आणि तिचा तिसरा नंबर आला. स्पर्धक तीनच होते, पण तिसरा तो तिसरा. त्या दिवसापासून तिचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नाव घेईना. आई म्हणायची, इतकी वर्षं गिळलेल्या मुगांना आता एकदम मोड आलेत.

ज्यांना प्रश्न विचारायचा ते म्हणजे थोरले. लहानथोर सगळे त्यांना थोरलेच म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं सिनेमे केले, मग अकरा वर्षं घरात बसले, आणि आता अचानक जाहीर केलं की शेवटचा एक करतो, आणि तो खुनाचा. पोस्टरवर एक रिकामी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट आणि तारीख. बास. सिनेमाची एवढीच माहिती बाहेर आली होती की एका बंगल्यात एका श्रीमंत माणसाचा खून होतो आणि संशय डॉक्टरवर आहे, नोकरावर आहे, बहिणीवर आहे आणि वकिलावर आहे. वकील स्वतः थोरले. एवढ्याशा माहितीवर लोक तीन महिने जगत होते.

तर हे थोरले सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी त्या थिएटरात आले होते, आणि खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून शाळेचे तीन वर्ग आणून बसवले होते. आधी भाषणं झाली. प्रत्येक वक्ता 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणायचा आणि मग पंचवीस मिनिटं घ्यायचा. प्रत्येक भाषणानंतर थोरल्यांना एक पुष्पगुच्छ मिळायचा आणि पाठोपाठ कुणीतरी आग्रहाने पाण्याचा ग्लास हातात द्यायचं. "घ्या ना, उकडतंय." थोरले सभ्य माणूस, घ्यायचे. असे सहा ग्लास झाले. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

अडीच तासांनी प्रेक्षकांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली. टाचणीने कोपराने ढोसलं. दवंडी म्हणाली, "राहू दे गं, फळ्यावर सही कर, सुटशील." हे ऐकल्यावर मूगला उठावंच लागलं.

"खुनी कोण?"

थिएटर गार. मुख्याध्यापिकांनी डोळे मिटले. थोरल्यांनी मात्र तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि बोटाने वर बोलावलं. मूग स्टेजवर गेली. पाय आपले आहेत की कुणाकडून मागून आणलेत, हे तिला नीट कळत नव्हतं. थोरले वाकले, एका हाताने माइक झाकला आणि तिच्या कानाशी आले.

"पोरी, तू इथलीच ना?"

"हो."

"मग देवासारखी भेटलीस. बाथरूम कुठंय? केव्हापासून उठतोय, ही मंडळी हाताला धरून बसवतात."

मूगने बोट उचलून डावीकडे दाखवलं. "त्या पडद्यामागून. पण आजोबा, दाराला कडी नाहीये. हाताने धरून ठेवावं लागतं."

"किती वर्षं नाहीये?"

"मला कळायला लागल्यापासून नाहीये."

थोरल्यांनी अतिशय गंभीरपणे मान हलवली. मग सरळ उभे राहिले, माइकवरचा हात काढला आणि म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर मी हिला दिलंय. आता ते हिच्यापाशी." आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुणाकडूनही अपेक्षित नसलेल्या वेगाने ते डावीकडच्या पडद्यामागे गेले.

काय एक्झिट होती! लोक उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थोरले परत आले नाहीत. टाळ्या थांबल्यावरही बराच वेळ आले नाहीत.

आता एक बारीकशी अडचण. स्टेजवर डाव्या बाजूला, त्या पडद्याच्या बरोबर पुढे, सिनेमात डॉक्टरचं काम करणारा नट बसला होता. आणि मूगने बोट उचललं त्याच क्षणी स्थानिक पेपरच्या फोटोग्राफरने फोटो काढला होता.

खाली आल्याबरोबर दवंडीने तिचा दंड धरला. "बोल. पटकन. कोण?"

मूग खरं सांगू शकली असती. पुढे तिने या क्षणाचा पुष्कळदा विचार केला. पण एका मोठ्या माणसाने कानात सांगितलेली गोष्ट, आणि तीही असली, ती दवंडीला सांगायची? संध्याकाळपर्यंत गावातल्या कुत्र्यामांजरांनाही कळली असती. पन्नास वर्षं ज्यांनी पडद्यावर भल्याभल्यांना घाम फोडला, ते थोरले बाथरूम शोधत होते! नाही, ते बरं दिसलं नसतं. हे एक कारण. दुसरं कारण असं, की साडेचारशे माणसं आपल्याकडे बघतायत हे तिला मनापासून आवडलं होतं. दोन्ही कारणं खरी होती, आणि त्यातलं पहिलं सांगायला जास्त बरं होतं.

"सांगू शकत नाही," ती म्हणाली. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"मग आकृत्याही विसर," टाचणी म्हणाली, पैज नुसता प्रश्न विचारण्याची होती तरी.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. मूगने बेल वाजवली तेव्हा बाबांनी दार उघडलं, तिला पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

बाबा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात होते. तिथे त्यांचं एक तत्त्व प्रसिद्ध होतं: वाचल्याशिवाय सही नाही. बावीस वर्षांत त्यांनी एकाही कागदावर न वाचता सही केली नव्हती. साहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या भेटकार्डावर सही करतानासुद्धा त्यांनी मागची बाजू तपासली होती. दुसरं तत्त्व घरात प्रसिद्ध होतं: थोरल्यांचा प्रत्येक सिनेमा पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला, आणि तोपर्यंत त्याबद्दल एक शब्द ऐकायचा नाही. मागच्या सिनेमाच्या वेळी मूग चार वर्षांची होती. त्या तिकिटाचा अर्धा तुकडा बाबांच्या पाकिटात अजून होता, त्यावरची शाई उडून गेली होती तरी. अकरा वर्षं हा माणूस वाट बघत होता, आणि आता खुनी कोण हे ठाऊक असलेली व्यक्ती त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलावर जेवणार होती.

"तिला सांग," बंद दारामागून ते आईला म्हणाले, "की माझ्याशी बोलायचं नाही. खोकायचं पण नाही."

मग त्यांनी औषधाच्या कपाटातून कापूस काढला, दोन बोळे केले आणि कानात घातले. ऑफिसला जातानाच ते काढायचे, तेही कोपऱ्यावर पोचल्यावर.

आई या सगळ्याकडे, ती सगळ्याकडेच बघते तशी, शांतपणे बघत होती. ती रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काउंटरवर होती. दिवसभर बाटल्यांवर नावं चिकटवून घरी आलेल्या बाईला फारसं काही धक्कादायक वाटत नाही. "खुनी कुणी का असेना," ती म्हणाली, "दुधाचं पातेलं कोण घासणार ते सांग."

सोमवारी पेपरात फोटो आला. थोरले वाकलेले, मूगचं बोट डावीकडे, बोटाच्या टोकाशी बरोबर डॉक्टर. खाली मथळा: 'बोट कुणाकडे?' आईने लॅबमध्ये तो फोटो जरा जास्तच वेळ पाहिला आणि पेपरची घडी करून ठेवली. घरचा पेपर बाबांनी त्या आठवड्यापुरता बंद केला होता.

त्यानंतर बिल्डिंगमध्ये मूगला जिना चढणं मुश्किल झालं. समोरच्या काकू तर दार उघडं ठेवूनच बसायच्या. "मी काय म्हणते, मला सांगितलंस तर मी कुणाला सांगणार नाही. आणि सांगितलं तरी तुझं नाव घेणार नाही. तुझ्या आईला दिवस होते तेव्हापासून ओळखते मी तुला, त्याचं काही आहे की नाही?"

वरच्या मजल्यावर एक निवृत्त फौजदार राहायचे. फौजदारकाकांनी तिला रीतसर घरी बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर टेबलदिवा लावला. दुपारचे चार वाजले होते.

"हे बघ बाळ, तू काहीच सांगायचं नाही. मी नावं घेतो. तू फक्त माझ्याकडे बघायचं. चाळीस वर्षं मी माणसांचे डोळे वाचलेत. डॉक्टर?"

मूग बघत राहिली.

"बहीण?"

मूग बघत राहिली.

"नोकर?"

त्या दिव्यावर वर्षभराची धूळ होती आणि बल्ब आता चांगला तापला होता. मूगला सणसणीत शिंक आली.

"नोकर!" फौजदारकाका टेबलावर हात मारून म्हणाले. "गुन्हेगाराचं शरीर त्याला दगा देतं. साक्षीदाराचंही."

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये दोन पक्ष पडले. फोटोवर विश्वास असणारे डॉक्टरवाले, शिंकेवर विश्वास असणारे नोकरवाले. रविवारी गच्चीवरच्या गळक्या टाकीसाठी सभा होती. टाकीचा विषय निघायच्या आधीच तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले की नोकरवाल्यांना तर्कशास्त्राचा गंध नाही, आणि पुढे जे झालं त्यानंतर टाकी अजूनही गळते आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टरही दुखावले. मूग घसा दाखवायला गेली, तर जीभ बाहेर काढायला लावून ते म्हणाले, "आमच्या व्यवसायाची बदनामी चाललीय हे पटतं का तुला?" जीभ बाहेर असताना माणसाला काय पटणार! ती नुसती "आ" म्हणाली. त्यांनी तो होकार धरला.

आणि मूग? मूग आनंदात होती, हे कबूल करायला हवं. शाळेत दहावीच्या मुली तिला नावाने, म्हणजे खऱ्या नावाने, हाक मारू लागल्या होत्या. ग्रंथपालबाईंनी तिला कपाटातली, कुणालाच न मिळणारी पुस्तकं दिली. ती चालताना मान जरा तिरकी ठेवायला लागली होती, कारण ज्याच्या डोक्यात गुपित असतं त्याची मान तशी असते असं तिला वाटायचं. फक्त घरी जेवताना टेबलाच्या पलीकडे कानात कापूस घालून बसलेले बाबा दिसले, की घास जरा हळू उतरायचा. एकदा तिने मीठ मागितलं, तर बाबांनी घाबरून डोळे मिटले.

अकराव्या दिवशी थिएटरचे मॅनेजरकाका घरी आले. हे फार सडपातळ गृहस्थ; त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवला तर ते उडून जातील असं वाटायचं. ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तीन प्रतींत.

"सिनेमा कंपनीकडून आलंय," ते म्हणाले. "तो फोटो त्यांनी पाहिला. फार चिडलेत. म्हणतात, गुपित फुटलं तर सिनेमाचं काय? त्यांचं म्हणणं, मुलीकडून लेखी हमी घ्या, नाहीतर पहिला खेळ इथे देणार नाही. शेजारच्या गावाला देणार." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सावरला. "आणि पहिल्या खेळाला थोरले स्वतः येणार होते हो. पुन्हा."

बाबांनी एका कानातला कापूस काढला होता. तो त्यांच्या बोटांतच राहिला.

मूगने कागद वाचला. पहिली तीन कलमं ठीक होती. मी अमुक, इयत्ता अमुक, गुपित कुणाला सांगणार नाही. चौथं कलम असं होतं: 'सदर व्यक्तीने आपल्या कानात जे सांगितले ते खालील चौकटीत शब्दशः लिहावे, जेणेकरून नेमकी कोणती गोष्ट गुप्त ठेवायची आहे याबाबत संदिग्धता राहणार नाही.' पाचवं: भरलेल्या चौकटीखाली पालकांनी 'वाचले व समजले' असं स्वहस्ते लिहून सही करावी. सहावं: शाळेचा शिक्का. एक प्रत कंपनीला, एक थिएटरला, एक शाळेला.

"म्हणजे," मूग म्हणाली, "कुणाला कळू नये म्हणून आधी तीन ऑफिसांत लिहून द्यायचं?"

"कंपनीचा नियम आहे," मॅनेजरकाका म्हणाले. "मी कोरा कागद पाठवून पाहिला. परत आला."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या ऑफिसात शिक्का मागितला. हेडक्लार्कबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोऱ्या चौकटीवर शिक्का मारत नाही आपण. भरून आण. आणि आवक वहीत विषय लिहावा लागेल. काय लिहू, खून?"

"खासगी लिहा ना."

"खासगी विषयाला शाळेचा शिक्का कसा लागेल?" बाईंचं तर्कशास्त्र पक्कं होतं. शेवटी त्यांनी 'संकीर्ण' लिहिलं, आणि वर म्हणाल्या, "भरलीस की आधी मलाच दाखव. म्हणजे शुद्धलेखन बघायला."

आता मूगच्या मानेचा तिरकेपणा गेला. कारण चौकटीत काय लिहायचं? खरं लिहिलं, शब्दशः, तर हेडक्लार्कबाई वाचणार, मॅनेजरकाका वाचणार, कंपनीतले सगळे वाचणार. पोस्टरवरच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पुढे कुणालाही खून आठवणार नाही, खुर्चीतला माणूस घाईने कुठे गेला तेच आठवेल. खोटं लिहावं? डॉक्टर लिहावं, आणि खरोखर डॉक्टरच निघाला, तर? आणि नाहीच लिहिलं, तर पहिला खेळ जाणार शेजारच्या गावाला, आणि अकरा वर्षं बाबांचे डोळे लागलेत ते इथल्या थिएटरच्या त्यांच्या नेहमीच्या सातव्या रांगेकडे.

तिने त्या संध्याकाळी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाबा खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकले.

"बाबा, तुम्हाला सही करायचीय. मी चौकट झाकून धरू?"

"वाचल्याशिवाय सही नाही," बाबा सवयीने म्हणाले.

"मग वाचा."

"वाचणार नाही."

"मग सही कशी करणार?"

बावीस वर्षांत दोन तत्त्वं समोरासमोर आली नव्हती. बाबा उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. बसले. मग त्यांनी दोन्ही कानांतला कापूस काढला आणि डबीत ठेवला, झाकण न लावता.

"लिही तू," ते म्हणाले. "जे सांगितलं असेल ते लिही. मी वाचतो."

"पण मग तुम्हाला..."

"कळेल. कळू दे." ते कागदाच्या कडा सरळ करत होते. "अगं, साडेचारशे खुर्च्या आहेत तिथे. माझ्या एकट्याच्या हट्टापायी बाकीच्यांचा खेळ जाऊ नये. आणि थोरले येतायत. मी काय, खुनी माहीत असला तरी बघेन. कपडे बघेन, लाइटिंग बघेन."

लाइटिंग बघेन! मूगला एकदम रडू आलं. वक्तृत्व स्पर्धेत मिळालेली सगळी वाणी कुठे गेली कुणास ठाऊक. ती उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. आई दुधाचं पातेलं घासत होती.

"आई, मला एक सांगायचंय. पण सांगता येत नाही."

"नको सांगूस," आई पातेल्याच्या बुडाशी घासणी फिरवत म्हणाली. "बाथरूम विचारलं ना त्यांनी?"

मूगचं तोंड उघडं राहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं! दिवसातून चाळीस माणसं माझ्या काउंटरवर त्याच चेहऱ्याने वाकतात आणि कानाशी येऊन तेच विचारतात. मोठे अधिकारी असोत, पैलवान असोत, चेहरा तोच. पेपरात बघितला तेव्हाच कळलं. मीही असंच बोट दाखवते, डावीकडे. आमचंही डावीकडेच आहे."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून. काउंटरवर कानात सांगितलेलं मी घरी आणत नाही. मला बरं वाटलं, म्हटलं, पोरगी माझ्यावर गेली." आईने पातेलं उपडं घातलं आणि हात पुसले. "पण नंतर तुझी मान अशी तिरकी व्हायला लागली. तेव्हा मला कळेना, हे तू त्यांच्यासाठी ठेवलंयस की स्वतःसाठी."

थोडा वेळ मूग पुन्हा आठवीतली झाली. मग तिने डोळे पुसले, बाहेर येऊन टेबलावरचा पेन उचलला आणि चौकटीत तीन ओळी लिहिल्या. तीन प्रतींत, म्हणजे नऊ. लिहून झाल्यावर ती खुर्चीमागे उभी राहिली, स्टेजवर उभं राहतात तशी. आई दारात येऊन थांबली होती.

"माझं ठरलंय," मूग म्हणाली. "मी वाचून दाखवते. घाबरू नका, बाबा, यात काही नाही. 'त्यांनी मला खुनी कोण हे सांगितलेलं नाही. त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं. तो प्रश्न मी शब्दशः लिहिणार नाही कारण तो त्यांचा आहे.'"

बाबांनी मान वर केली. "म्हणजे तुला खुनी..."

"माहीत नाही. कधीच माहीत नव्हता."

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग डबीतल्या कापसाकडे. "बारा दिवस," ते हळूच म्हणाले. "बारा दिवस मी ऑफिसच्या कोपऱ्यावर... लोक मला विचारायचे, कान फुटलाय का."

"सॉरी, बाबा."

पण बाबांना राग येत नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत चाललं होतं, बऱ्याच वर्षांनी नळाला पाणी आल्यासारखं. त्यांनी कागद ओढला, तिन्ही प्रती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, 'कारण'च्या आधी राहिलेला एक स्वल्पविराम तिन्ही ठिकाणी घातला, 'वाचले व समजले' लिहिलं आणि सही केली. बावीस वर्षांत इतकी फर्मास सही कुणी पाहिली नसेल.

"कंपनी हे मान्य करेलच असं नाही," आई म्हणाली.

"तेही ठरलंय. नाही केलं, तर पहिल्या बसने शेजारच्या गावाला जायचं. रांगेत मी उभी राहीन, बाबांनी सावलीत बसायचं. आणि उद्या वर्गाच्या फळ्यावर मी स्वतः लिहिणार आहे, 'मला खुनी माहीत नाही', आणि खाली सही करणार. दवंडी बाकीचं काम करेलच. बेडूक माझा मी काढते." तिने दम घेतला. "आणि शेवटचं. हा कागद मी मॅनेजरकाकांना एका अटीवर देणार. पहिल्या खेळाच्या आधी त्यांनी त्या डावीकडच्या दाराला कडी बसवून घ्यायची. आतून. चांगली घट्ट."

आईला एकदम खोकला आला आणि ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात परतली.

बाबांची नजर मात्र कागदावरून मूगकडे गेली आणि मूगवरून सिनेमातल्या त्या खुनाच्या बंद बंगल्याकडे, जो त्यांनी कधी पाहिला नव्हता पण तीन महिने मनात बांधला होता.

"कडी?" ते म्हणाले. "आतून? डावीकडचं दार?"

आणि मूग उत्तर द्यायच्या आत त्यांनी घाईघाईने डबीतला कापूस उचलला आणि दोन्ही कानांत घट्ट बसवला.